लिओना पेल्की आणि झाडांना सुटलेलं पोट

चर्चच्या जेवणाला लिओना पेल्की आली आणि तिच्या कोटाच्या खिशातून टेपचं टोक लोंबताना दिसलं, की आमच्या बीमन हॉलोतली पोट सुटलेली पुरुषमंडळी मागच्या दाराने हळूच पसार व्हायची. ती टेप काही शिंप्याची नव्हती, झाडं मोजायची होती. खोडाभोवती एक वेढा द्यायचा आणि आकडा वाचायचा. तो आकडा घेराचा नसतो, थेट जाडीचा असतो. भागाकार करायला नको. लिओना ती झाडांना लावायची त्याबद्दल तिला पगार होता. माणसांना लावायची ती हौस म्हणून.

लायमन ग्रोटन म्हणजे आमच्या गावसभेचा कायमचा अध्यक्ष. मेपलची काकवी घालून भाजलेल्या घेवड्यावर त्याचं फार प्रेम. एकदा तो ताटावरून उठायच्या आत लिओनाने त्याला वेढा घातला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गेल्या सालापेक्षा जाडलास रे लायमन! वाढ उत्तम आहे. पण सगळी एकाच बाजूला!"

हसता हसता पाद्रीबाबांच्या हातातली कॉफी सांडली. हा विनोद तुम्ही लक्षात ठेवा. पुढे तो तिच्याच अंगावर उलटला.

लिओना आणि मी एका बाकावर शिकलो. चार रस्ते मिळतात तिथे आमची शाळा होती. एक खोली, मधोमध शेगडी, आणि पहिलीपासून आठवीपर्यंतची सगळी पोरं तिच्याभोवती. बाईंनी एकदा विचारलं, खिडकीतून दिसणारं ते पाइनचं झाड किती उंच असेल? आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून अंदाज ठोकले. लिओना गुपचूप बाहेर गेली, दप्तराची दोरी दातात धरून झाडावर चढली आणि शेंड्यावरून ओरडली, "बाई, दोरी अपुरी पडली, अजून एक पाठवा!" बाईंनी शेगडीचा चिमटा खाली टाकला तो अजून माझ्या कानात वाजतो.

पेल्की मंडळी मूळची क्वेबेककडची, आजीच्या आजीच्या वेळी डोंगर उतरून व्हरमाँटमध्ये आलेली. त्यांचं मेपलचं गुऱ्हाळ होतं. थंडी सरताना झाडाला भोक पाडायचं, त्यात तोटी ठोकायची, तोटीला बादली टांगायची, आणि गोळा झालेला रस आटवून काकवी करायची. तोट्या ठोकायचं काम पेल्कींच्या घरात पोरांना बोलता येऊ लागलं की मिळायचं. त्याची खूण कानाला शिकवलेली असते. हातोडी मारताना आधी "खुट, खुट" असा पोकळ आवाज येतो आणि एका घावाला तो बदलतो, "टण्ण" असा भरीव होतो. त्या घावाला थांबायचं. आधी थांबलात तर भरलेली बादली तोटीसकट खाली येते. पुढे मारत राहिलात तर लाकूड उकलतं. लिओनाच्या तोट्या कधी गळल्या नाहीत की निघाल्या नाहीत. आख्ख्या खोऱ्यात तिच्यासारखा हात नव्हता आणि हे ती स्वतःच सांगायची, म्हणजे आम्हाला सांगायचे कष्ट नकोत.

पुढे विद्यापीठाच्या माणसांनी हॉगबॅक डोंगरावर, गावाच्या मालकीच्या जुन्या रानात, लोखंडी मनोरा उभारला. झाडांच्या शेंड्यांच्याही वर जाणारा. त्याच्या टोकाला एक यंत्र आहे. रानातून वर जाणारी आणि रानात उतरणारी हवा ते अहोरात्र हुंगत असतं, आणि त्यात कार्बनचा वायू किती गेला, किती आला ते टिपतं. उन्हाळ्यात पानं तो वायू खातात, रात्री आणि हिवाळ्यात रान त्यातला थोडा परत सोडतं. जे पोटात राहिलं त्याचं लाकूड होतं. वाळलेल्या लाकडाचं निम्मं वजन म्हणजे नुसता कार्बन. चुलीत जळतो तोच.

पण एकट्या यंत्रावर विसंबून भागत नाही. हवेने सांगितलेलं झाडांकडून पडताळून घ्यावं लागतं. म्हणून रानात ठिकठिकाणी तुकडे आखले, प्रत्येक झाडाला क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला लावला, आणि दर साली पानगळ झाली की छातीच्या उंचीवर प्रत्येकाची जाडी मोजायची असं ठरलं. त्या कामाला गावातलं माणूस हवं होतं. लिओनाने अर्ज केला नाही. ती मनोऱ्याखाली गेली, पट्टे बांधले, वर चढली, वरूनच हाक मारली, "इथून माझ्या घराचं धुराडं दिसतंय, नोकरी घेतली!" आणि खाली उतरली. मनोऱ्यावर ती कायम पाठपिशवीत ॲपल पाय घेऊन चढायची. म्हणायची, एवढ्या वर जाऊन नुसतं काम करून यायचं हा त्या उंचीचा अपमान आहे.

बिल्ले तिनेच ठोकले. त्या वेळच्या साहेबांनी सांगितलं होतं, खिळा मापाच्या जागेपासून वीतभर दूर मारा आणि निम्मा बाहेर ठेवा. लिओनाला ते पटलं नाही. ती म्हणाली, "वीतभर दूर कशाला? खिळा मापावरच मारते. उद्या माझ्यानंतर कोणी आंधळा आला तरी टेप नेमकी तिथेच लागेल." साहेब पुढच्या साली दुसऱ्या विद्यापीठात गेले. लिओनाचे खिळे राहिले. सगळे छातीच्या उंचीवर, एका ओळीत, शिस्तीत.

आणि तिची झाडं वाढली म्हणता काय! आसपासच्या कुठल्याही रानापेक्षा जास्त. ती दुकानात, टपाल कचेरीत, गुऱ्हाळात, जिथे चार माणसं दिसतील तिथे सांगायची, "माझी झाडं खादाड आहेत. म्हातारी झाली तरी तरण्यांना मागे टाकतात. माझ्यासारखीच!"

तिच्या या बोलण्यावर एकच माणूस नाक मुरडायचा, तो म्हणजे ऑरिन स्टॅनर्ड. तोही आमच्याच शाळेतला. रान तोडायचा धंदा, वडिलांपासूनचा. ऑरिनचं म्हणणं अगदी उलटं होतं. "म्हातारं रान जेवत नाही. शेगडीपाशी बसून डुलक्या घेतं. ते तोडायचं, लाकूड वापरायचं, नवं येऊ द्यायचं. नवं रान वखवखलेलं असतं."

"तूही साठी ओलांडलीस," लिओना म्हणायची. "तुला तोडू का? तुझ्या जागी वखवखलेला येईल कोणी."

"मी रोज तीन वेळा जेवतो, विचार ॲल्डनला."

मी म्हणायचो, चार वेळा.

ऑरिन तोंडाचा फटकळ होता, पण खोडाच्या बाबतीत त्याचा शब्द गावात शेवटचा. एकदा हद्दीवरच्या बीचच्या झाडावरून त्याचा चुलत्याशी तंटा झाला. झाड कुंपणाच्या आधीचं की नंतरचं यावर सगळं अडलं होतं. ऑरिनने बुंध्यावर ओला अंगठा फिरवत वलयं मोजली आणि निकाल दिला चुलत्याच्या बाजूने. झाड गेलं, जमिनीची पट्टी गेली, आणि वर चुलत्याने त्याला पेढे म्हणून काकडीच्या लोणच्याची एक बरणी पाठवली. ऑरिन ती बरणी उघडून दाराशी बसून खात होता. "काकडी चांगली आहे," एवढंच म्हणाला.

दोघांची ही कुरबुर वर्षानुवर्षं चालली असती, पण गावच्या शाळेत नवी भट्टी आली. ती लाकडाच्या छिलक्यांवर चालते आणि सगळ्या वर्गांना ऊब देते. छिलके आणायचे कुठून? ऑरिनने गावसभेपुढे ठराव मांडला: हॉगबॅकवरचं जुनं रान सरसकट तोडावं, मनोरा विद्यापीठाने दुसरीकडे न्यावा, काही सालं शाळेची सोय होईल आणि वर कोवळं, भुकेलं रान उगवेल. आमच्याकडे गावसभा मार्चच्या पहिल्या मंगळवारी भरते आणि ती जे ठरवते ते होतं. कोणी साहेब नंतर येऊन बदलत नाही.

लिओना अजिबात घाबरली नाही. "मला पाच मिनिटं बोलू द्या," ती म्हणाली. "माझे आकडे ऐकले की ऑरिन स्वतःच स्वतःविरुद्ध हात वर करेल." गावालाही तसंच वाटत होतं. लिओनाचे आकडे म्हणजे हॉगबॅक वाचल्यातच जमा.

जानेवारीत रूथ लिंडक्विस्ट आली. ही विद्यापीठाची डॉक्टर, मिनेसोटाकडची, मनोऱ्याचा सगळा कारभार तिच्याकडे. पोरगी मोठी गोड आणि डोक्याने वस्तऱ्यासारखी. त्या दिवशी मीही लिओनाच्या स्वयंपाकघरात होतो. तिच्या शेगडीजवळची खुर्ची माझ्या घरातल्या खुर्चीपेक्षा बरी आहे. रूथने घेवड्याचं सूप संपवलं, तपकिरी पावाचा तुकडा ताटलीत इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाली, "लिओना, मनोरा आणि तुझी टेप यांचं जमत नाहीये."

"म्हणजे?"

"हवा सांगते, रान एवढं खातं." तिने हात थोडे फाकवले. "तुझी टेप सांगते, एवढं." हात खूप फाकवले. "जास्तीचं लाकूड आलं कुठून? हवेतून तर गेलेलं नाही."

"मग तुझं यंत्र सर्दीने बेजार असेल, पोरी. त्याला वास येत नाही."

"मी तपासलं. दोनदा."

"मी तपासते तिसऱ्यांदा!"

दुसऱ्या दिवशी लिओना मनोऱ्यावर चढली. बर्फ खरवडलं, नळ्या पुसल्या, प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या मापाच्या वायूने यंत्राची परीक्षा घेतली. यंत्र ठणठणीत होतं. खाली आली तेव्हा ॲपल पाय तसाच पिशवीत होता, न खाल्लेला. मला तेव्हाच कळलं की बाईच्या मनात काहीतरी शिरलंय.

"ॲल्डन, जाळीचे जोडे घाल," ती म्हणाली. "झाडांना विचारून येऊ."

बर्फात पाय रुतू न देणारे ते जोडे घालून आम्ही तिच्या पहिल्या तुकड्यात गेलो. जुना मेपल, दोघांच्या कवेत न मावणारा. लिओनाने हातमोजा काढला. एरवी ती टेप लावायची, आकडा ओरडायची आणि पुढच्या झाडाकडे निघायची; पण त्या दिवशी तिने टेप खिशातच ठेवली आणि उघडा तळवा सालीवरून हळूहळू खाली आणला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. खिळ्याच्या बिल्ल्याजवळ हात थांबला. परत वर नेला. परत खाली आणला. मग ती बर्च झाडाकडे गेली, मग बीचकडे. प्रत्येक ठिकाणी हात तिथेच थांबला.

"इकडे ये. तुझा हात दे."

मी हात लावला. खिळ्याभोवती खोड फुगलं होतं. डोळ्याला दिसत नव्हतं, पण तळव्याला टेंगूळ स्पष्ट लागत होतं. खिळा झाडात पार रुतलेला, बिल्ल्याची कडही सालीने गिळलेली. झाडाला काही टोचलं की ते त्याच्याभोवती लाकूड चढवून जखम बुजवतं. लिओनाने प्रत्येक खिळा पेल्कींच्या हाताने ठोकला होता. "टण्ण" आवाज येईपर्यंत, घट्ट, निम्मा बाहेर वगैरे न ठेवता. आणि नेमका मापाच्या जागेवर. इतकी सालं तिची टेप त्या टेंगळावरून फिरत होती.

लिओना मेपलला टेकून उभी राहिली. वरून बर्फाचा एक गोळा तिच्या टोपीवर पडला, तिने तो झटकलाही नाही.

"ॲल्डन," ती म्हणाली, "याला पोट सुटलंय."

मला हसू आलं, पण तिच्याकडे बघून मी ते गिळलं.

"वाढ उत्तम आहे," ती म्हणाली, "पण सगळी एकाच बाजूला." आणि मग तीच आधी हसली, अशी हसली की जवळच्या हेमलॉकच्या झाडावरून दोन चिमण्या उडाल्या. हसणं थांबलं तेव्हा डोळे पुसून म्हणाली, "चल ऑरिनकडे."

"ऑरिनकडे कशाला? आधी रूथला सांग."

"रूथला फोन करते वाटेत. पण हे माझ्या तोंडून त्याला कळायला हवं. दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तो मला वयाच्या नव्वदीपर्यंत छळेल."

"तसाही छळेलच."

"हो, पण मग मला उलटं बोलता येईल."

ऑरिन आपल्या छपरीत करवतीच्या साखळीला धार लावत होता. लिओनाने दारातूनच सगळं सांगितलं, एका दमात, कुठेही न लपवता. ऑरिनने कानस खाली ठेवली. आधी त्याचे खांदे हलले, मग तो हसत हसत लाकडाच्या ओंडक्यावर बसला, मग त्याला ठसका लागला आणि मला त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या.

"तोट्या!" तो म्हणाला. "लिओना पेल्कीने झाडांना तोट्या ठोकल्या आणि रस यायची वाट बघत बसली!"

"झालं हसून?"

"नाही अजून. थांब जरा. ...हं, झालं. मग आता सभेत काय सांगणार?"

"खरं तेच. माझे आकडे फुगलेले आहेत. पण किती फुगलेले ते मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नाही. झाडं वाढतायत की डुलक्या घेतायत हे आता एकच गोष्ट सांगू शकते. वलयं. रूथकडे पोकळ गिरमिट आहे. टेंगळापासून लांब, निरोगी जागी फिरवलं की पेन्सिलीएवढी काडी निघते, सालीपासून गाभ्यापर्यंतची. त्या काड्या तू वाच."

ऑरिन तिच्याकडे संशयाने बघू लागला. "मी? डोंगर तोडायचा ठराव माझा आहे."

"म्हणूनच. तू माझ्या बाजूने खोटं बोलणार नाहीस हे गावाला पक्कं ठाऊक आहे."

"आणि वलयं तुझ्या विरुद्ध निघाली तर?"

"तर करवतीला चांगली धार लाव. मी स्वतः तुला वाट दाखवीन."

ऑरिनने टोपी मागे सारली. कानस उचलून साखळीच्या एका दाताला दोनदा घासली. शेवटी म्हणाला, "काड्या दोन काढा. एक मला, एक त्या डॉक्टरणीला. उद्या कोणी म्हणायला नको की ऑरिनला चष्मा लागतो."

"लागतोच तुला."

"ते गावाला सांगायची गरज नाही."

गोठलेल्या लाकडात गिरमिट फिरत नाही, तुटतं. म्हणून आम्ही थंडी जरा सैल पडायची वाट बघितली. फेब्रुवारीत वारा दक्षिणेकडून आला, छपरांवरून थेंब गळू लागले, आणि आम्ही चौघं हॉगबॅकवर गेलो. रूथ गिरमिट धरायची आणि ऑरिन फिरवायचा, कारण तिने धरलेलं गिरमिट सरळ राहतं आणि त्याच्या मनगटात जोर आहे. काडी बाहेर आली की लिओना ती कागदी नळीत घालून वर झाडाचा क्रमांक टाकायची. माझ्याकडे थर्मास होता. हेही काम महत्त्वाचं आहे.

लिओनाला वाईट वाटतंय हे दिसत होतं. प्रत्येक भोकापाशी ती खोडावर एक चापट मारायची, "बरं होईल रे." ऑरिन कुरकुरला, "तोट्या ठोकताना दया नाही आली, आता आली." पण मी बघत होतो, तोही गिरमिट काढताना झाडाला हलक्या हाताने धरत होता.

ऑरिनने काड्या आपल्या छपरीत नेल्या, लाकडी खाचेत बसवल्या, कानशीने नव्हे तर अगदी बारीक पॉलिश पेपरने घासल्या आणि ओल्या अंगठ्याने एकेक वलय उजळत बसला. मेपलची वलयं फिकी असतात, त्यांना उजेड आणि सबुरी दोन्ही लागतं. मी रोज चहाच्या निमित्ताने डोकवायचो.

"काय म्हणतात?"

"सभेत बोलतील."

रूथने आपल्या काड्या विद्यापीठात भिंगाखाली वाचल्या आणि लिओनाला फोन केला. लिओना म्हणाली, "मला सांगू नकोस. मला आधी कळलं तर माझ्या तोंडावर दिसेल आणि गाव म्हणेल, ठरवून आले." रूथ म्हणे फोनवर हसली. पण कशाला हसली, आनंदाने की कीव येऊन, यावर लिओना दोन दिवस माझं डोकं खात होती.

मार्चचा मंगळवार उजाडला. रस्ते चिखलाचे, गाड्या चाकांपर्यंत बरबटलेल्या, आणि सभागृहात माणूस मावेना. बायकांनी मागच्या भिंतीशी ॲपल पाय आणि घेवड्याची भांडी मांडली होती, त्यामुळे पहिल्या ठरावापासून लायमनची मान मागे वळत होती. आमच्या सभेत कोणी कोणाशी थेट बोलायचं नाही, सगळं अध्यक्षांना उद्देशून. हा नियम भांडणं टाळायला केलाय, पण त्याने भांडणांना रंगच चढतो.

हॉगबॅकचा ठराव आला. लिओना उभी राहिली.

"अध्यक्षमहाराज, मी गेली कित्येक सालं सगळ्या गावाला सांगत आले की हॉगबॅकची झाडं खादाड आहेत. ते माझे आकडे चूक होते. खिळे मी मापावर मारले आणि घट्ट मारले. झाडांना टेंगळं आली आणि मी टेंगळं मोजली. चूक माझ्या हाताची आहे, झाडांची नाही. माझ्या आकड्यांवर कोणी मत देऊ नये."

मागून कोणीतरी म्हणालं, "मग आता कोणाच्या आकड्यांवर द्यायचं?"

"अध्यक्षमहाराज, त्या गृहस्थांना सांगा, ऑरिन स्टॅनर्डच्या."

आता मात्र खुर्च्या करकरल्या. ऑरिन उठला. हातात लाकडी पट्टी, तीत बसवलेल्या काड्या. त्याने चष्मा खिशातून काढला, गावाकडे एकदा रागाने बघितलं आणि नाकावर चढवला.

"अध्यक्षमहाराज," तो म्हणाला, "समोरच्या बाई जेवढं सांगायच्या तेवढी ही झाडं वाढलेली नाहीत."

लिओनाने मान हलवली. तिचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते आणि एका खिशात टेप गच्च आवळलेली मला दिसत होती.

"पण," ऑरिन म्हणाला, आणि हा "पण" त्याने दाढ उपटावी तसा काढला, "मी सांगायचो तशी ती डुलक्याही घेत नाहीयेत. सालीपासून आत मोजत गेलं तर एकही साल उपाशी गेलेलं नाही. वलयं पातळ आहेत, मान्य. मीही आयुष्यभर पातळ वलय बघितलं की म्हणायचो, रान संपलं. पण चार दिवस काड्या बघून माझ्या डोक्यात उजेड पडला. अध्यक्षमहाराज, तुम्हाला पॅनकेक आवडतात ना?"

"हो," लायमन म्हणाला, फार पटकन.

"छोट्या पॅनकेकवर काकवीचा जाड थर दिला, आणि गाडीच्या चाकाएवढ्या पॅनकेकवर पातळ थर दिला, तर डबा कुठे आधी संपेल?"

"चाकावर."

"मग झालं. कोवळ्या रोपाचं वलय जाड, पण रोप मनगटाएवढं. हॉगबॅकचा मेपल चाकाएवढा. त्याच्या पातळ थरात रोपाच्या जाड थरापेक्षा कितीतरी जास्त लाकूड. आणि जे आधी साठवलंय ते वेगळंच. ते मी तोडून भट्टीत घातलं तर चार हिवाळ्यांत धुराड्यातून वर जाईल, आणि माझं वखवखलेलं रान ते परत खाऊन संपवेपर्यंत माझी पतवंडं म्हातारी होतील."

रूथ उठली. "अध्यक्षमहाराज, माझ्या काड्याही हेच सांगतात. आणि काड्यांचा हिशेब आता मनोऱ्याच्या हिशेबाला जवळजवळ येऊन भिडतो. हवा आणि लाकूड एकच गोष्ट सांगतायत. लिओनाने खिळ्याचं सांगितलं नसतं तर मी मनोऱ्यात दोष शोधत बसले असते."

"मग ठरावाचं काय?" लायमनने विचारलं.

ऑरिनने चष्मा काढून खिशात टाकला. "मागे घेतो. शाळेला छिलके लागतीलच. ते खालच्या उतारावरच्या दाट कोवळ्या रानातून विरळणी करून देतो. तिथे पोरं एकमेकांच्या अंगावर उभी आहेत, थोडी काढली तर उरलेल्यांना बरं. हॉगबॅक राहू दे. अध्यक्षमहाराज, समोरच्या बाईंना सांगा, मी हे त्यांच्यासाठी केलेलं नाही."

"अध्यक्षमहाराज," लिओना म्हणाली, "त्यांना सांगा, चष्मा शोभतो."

सभागृह एवढं हसलं की लायमनला हातोडा तीनदा आपटावा लागला. विरळणीचा ठराव आवाजी मतानेच मंजूर झाला, उभं राहून मोजायची वेळच आली नाही. मग सगळे घेवड्याकडे धावले, आणि लायमन सर्वांच्या पुढे.

त्या साली रस उत्तम आला. गुऱ्हाळात शेवटचं आटवण झालं त्या दिवशी लिओनाने आम्हाला बोलावलं, ताज्या बर्फावर गरम काकवी ओतून तिचे चिवट दोर केले, आणि ते आम्ही डोनट आणि आंबट काकडीबरोबर खाल्ले. काकडी ऑरिनच्या चुलत्याकडची होती. मग आम्ही चिखल तुडवत हॉगबॅकवर गेलो. प्रत्येक झाडाच्या निरोगी जागेवर नवं माप घेतलं आणि वीतभर खाली नवा बिल्ला लावायला लागलो. जुने खिळे झाडाच्या पोटातच राहिले; काढायला गेलो असतो तर जखम मोठी झाली असती.

पहिला खिळा लिओनाने त्याच जुन्या मेपलला लावला. ऑरिन बाजूला उभा राहून बघत होता.

"आवाज येईपर्यंत नाही हं," तो म्हणाला.

"माहितीये."

"खुट," हातोडी वाजली. "खुट." अजून एक. लिओनाचा हात परत वर गेला आणि हवेतच थांबला. लहानपणापासून त्या हाताला पुढचा घाव माहीत होता, तो मागत होता. माझ्या कानालाही तो "टण्ण" हवासा वाटत होता. पण हात खाली आला तो रिकामाच, कोटाच्या खिशात. खिळा निम्मा बाहेर राहिला, बिल्ला वाऱ्यावर थोडा हलला.

"वाढायला जागा ठेवली," लिओना म्हणाली, आणि टेप काढून ऑरिनच्या दिशेने निघाली. "आता तू उभा रहा बघू सरळ."